रोजच्या कन्सील्ड कॅरीसाठी बेल्ट कसा निवडायचा (नवीन लोकांसाठी)

कपड्यांखाली लपवून रोज सोबत बाळगायचं (म्हणजेच कन्सील्ड कॅरीचं) पिस्तूल घेताना लोक महिना-महिना डोकं खातात, होल्स्टरसाठी, म्हणजे ते ठेवायच्या म्यानासाठी, व्हिडिओ बघून बघून रात्री घालवतात, आणि शेवटी हे सगळं अडकवतात कुठे, तर कपाटात आधीपासून पडलेल्या पातळ फॅशनच्या बेल्टला. मग आठवड्याभरात रडगाणं सुरू. होल्स्टर बाहेर कलतंय, पँट सारखी वर ओढावी लागतेय, शर्टातून मूठ दिसतेय, कमरेवर वळ उठतायत. संशय आधी होल्स्टरवर जातो, नवीन होल्स्टर येतं, तेही तसंच वागतं, मग तिसरं. काहीजण तर पिस्तूलच मोठं पडतंय म्हणून छोटं घेऊन येतात. बेल्ट मात्र तोच.

म्हणून इथे फक्त बेल्टबद्दल. लपवून शस्त्र बाळगायचा परवाना तुमच्याकडे आहे, तुम्ही राहता तिथला कायदा तुम्हाला माहितीये आणि बेसिक ट्रेनिंग झालंय असं धरून चालतोय. यातलं काही बाकी असेल तर ते आधी उरका, बेल्ट कुठे पळून जात नाही.

आधी बेल्टचं काम समजून घ्या

साधा बेल्ट पँट वर धरतो, बस. कॅरीच्या बेल्टवर वजन असतं आणि ते वजन सरळ खाली लटकत नाही, इथेच सगळी गंमत आहे. ग्लॉक १९ घ्या, भरलेल्या मॅगझिनसकट (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) साधारण ८५० ग्रॅम. स्टीलचं फुल साइज १९११ मॉडेलचं पिस्तूल तर रिकामंच १.१ किलोच्या आसपास जातं. सिग पी३६५ सारखं छोटं रिकामं ५०० ग्रॅमच्या आसपास, आणि स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्व्हर त्याहून हलकं, ४०० ग्रॅमच्या थोडं वर. आता पँटच्या आत घालायच्या होल्स्टरमध्ये नळी बेल्टच्या खाली असते आणि मूठ बेल्टच्या वर. पिस्तुलाच्या गोळ्या मुठीत असतात, म्हणजे जड भाग वरच्या बाजूला. त्यामुळे मुठीचा कल कायम शरीरापासून लांब, बाहेर पडायचा असतो. तिला आत दाबून धरणारी गोष्ट एकच, बेल्ट.

यातून एक गोष्ट निघते जी नवीन माणसाला उलटी वाटते. खूप आखूड नळीचं पिस्तूल कधीकधी थोड्या लांब नळीच्या पिस्तुलापेक्षा जास्त कलतं, कारण बेल्टच्या खाली त्याला टेकायला काही उरतच नाही, सगळं वजन वर. तेव्हा पिस्तूल छोटं आहे मग बेल्ट कसाही चालेल हे डोक्यातून काढा. वजन कमी आहे म्हणून पँट ओघळणार नाही एवढंच, कलायचा प्रश्न तसाच राहतो.

दुसरं काम पिस्तूल बाहेर काढताना. तुम्ही मूठ धरून वर ओढता तेव्हा होल्स्टर जागेवर राहायला पाहिजे. होल्स्टरची क्लिप बेल्टच्या खालच्या कडेला आकड्यासारखी अडकते आणि ओढ बेल्टवर येते. बेल्ट लिबलिबीत असेल तर तो क्लिपसोबत वर उचलला जातो, क्लिप कडेवरून निसटते आणि पिस्तूल होल्स्टरसकट हातात येतं. हे घरी आरशासमोर झालं तर हसू येतं, पण ते व्हायचं असेल तर घरीच होऊ दे.

तर बेल्ट कमरेभोवती वळायला पाहिजे पण पिळला जायला नको. हे दोन वेगळे गुण आहेत आणि दुकानदार दोन्हीला सरसकट "कडक" म्हणतो. कमरेभोवती वळताना थोडा नरम चालेल, उलट हवाच, नाहीतर हाडावर टोचतो. उभ्या दिशेला म्हणजे रुंदीच्या अंगाने मात्र त्याने दबायचं नाही. बाकी सगळं वाचून विसरलात तरी चालेल, ही एक गोष्ट लक्षात ठेवा.

आणि हो, कडकपणाची उणीव आवळून भरून काढता येत नाही. नवीन लोक नेमकं हेच करतात, बेल्ट ढिला पडतोय वाटलं की अजून एक भोक आत. पोट आवळतं, कलणं थोडं कमी होतं, दुपारपर्यंत जीव नकोसा होतो. फार घट्ट पट्टा रोज घातला तर मांडीच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर होणं, जळजळ, मुंग्या असा त्रास होऊ शकतो, कारण तिथे जाणारी नस कमरेच्या हाडाजवळ दाबली जाते. डॉक्टर लोक त्याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात आणि घट्ट बेल्ट, अवजारांचे जड पट्टे ही त्याची नेहमीची कारणं आहेत. अशी लक्षणं दिसली तर बेल्ट सैल करा, आणि तरी राहिली तर दाखवून घ्या.

पहिली पायरी: बेल्ट बघायच्या आधी होल्स्टर आणि जागा ठरवा

बेल्ट एकटा घेता येत नाही. पिस्तूल कुठे ठेवणार ते ठरलं की निम्मं काम झालं.

उजव्या हाताने काम करणारा माणूस उजव्या कमरेवर, बेंबी १२ वर धरली तर घड्याळात ३ ते ४ च्या काट्याच्या जागी ठेवत असेल तर त्याला स्ट्राँग साइड म्हणतात. इथे बेल्ट बऱ्यापैकी ताठ असला तरी त्रास होत नाही कारण कमरेच्या बाजूला वळण हळू असतं. होल्स्टर पँटच्या बाहेर घालणार असाल, म्हणजे ओडब्ल्यूबी, वरून जॅकेट किंवा सैल शर्ट, तर सगळं वजन बेल्टच्या बाहेर लटकतं, तिथे तर जितका ताठ तितकं बरं.

ॲपेंडिक्स, म्हणजे पोटाच्या पुढे बकलच्या शेजारी, ही वेगळी जात आहे. तिथे माणूस बसतो, वाकतो, जेवल्यावर पोट पुढे येतं. फार ताठ बेल्ट तिथे पोटाला चिकटतच नाही, मधे पूल बांधल्यासारखा सरळ राहतो आणि होल्स्टरच्या मागे पोकळी तयार होते. पिस्तूल लपायचं सोडून अजून पुढे येतं. शिवाय आजकालच्या ॲपेंडिक्स होल्स्टरला एक छोटा पंख असतो, क्लॉ किंवा विंग म्हणतात, तो बेल्टच्या आतल्या बाजूला टेकतो आणि बेल्टचा दाब घेऊन मूठ पोटाकडे फिरवतो. बेल्ट लिबलिबीत असेल तर पंखाला टेकायला काही नाही, आणि बेल्ट अंगाला नीट लपेटला नसेल तरी तो पंख काम करत नाही. म्हणून ॲपेंडिक्सवाल्यांनी मधला रस्ता धरायचा, उभ्या दिशेला ताठ, गोलाईत लवचिक. बाजारात "सगळ्यात कडक" म्हणून जो विकला जातो तो तुमच्यासाठी बहुतेक नाही.

दुसरी पायरी: रुंदी

इथे फार विचार करायचा नाही. १.५ इंच, म्हणजे ३८ मिमी. बहुतेक होल्स्टरच्या क्लिपा आणि लूप याच मापाला बनतात, बहुतेक जीन्स आणि कार्गोच्या लूपातून हा आरामात जातो, आणि दिसायला साधाच दिसतो. १.७५ इंच म्हणजे साधारण ४५ मिमीचा बेल्ट बाहेरच्या होल्स्टरला, नेमबाजीच्या रेंजवर, ड्युटीला छान, पण बऱ्याच पँटच्या लूपात अडकतो आणि १.५ च्या क्लिपा त्याला बसत नाहीत. १.२५ इंच म्हणजे ३२ मिमी हा फॉर्मल पँटचा बेल्ट. तो होल्स्टरच्या १.५ च्या लूपात घातला की वर-खाली ६ मिमी मोकळं राहतं आणि होल्स्टर तेवढं नाचतं. नाइलाजाने घालायचाच असेल तर होल्स्टरला १.२५ ची क्लिप लावून घ्या, बऱ्याच कंपन्या वेगळी देतात.

फॉर्मल पँट घालावीच लागत असेल तर एक चांगला उपाय आहे, निमुळता बेल्ट. कमरेभोवती १.५ इंच आणि पुढे बकलपाशी १.२५ वर येतो. समोरून बघणाऱ्याला साधा ड्रेस बेल्ट दिसतो, होल्स्टरला पूर्ण रुंदी मिळते. फक्त ॲपेंडिक्सवाल्यांना याचा उपयोग नाही, कारण त्यांचं होल्स्टर नेमकं त्या निमुळत्या भागात येतं.

जाडीही बघा. क्लिपला ठरावीक फट असते. बऱ्याच क्लिपांना ६ मिमीच्या आसपासचा बेल्ट ही हद्द असते, त्याहून जाड असला की क्लिप कडेखाली नीट अडकत नाही, अडकल्यासारखी वाटते फक्त. उलट बेल्ट फार पातळ असला तर क्लिप डगडगते आणि निसटते. होल्स्टर बनवणाऱ्याने दिलेला आकडा बघा आणि बेल्टची जाडी मोजा, यात अंदाजपंचे नको.

तिसरी पायरी: लेदर की नायलॉन की आत पट्टी घातलेला

लेदरच्या बाबतीत लेबलवर फार विश्वास ठेवू नका. "जेन्युइन लेदर" लिहिलंय म्हणजे चामडं आहे एवढंच कळतं, चांगलं आहे हे नाही. बॉन्डेड लेदर म्हणजे चामड्याचा चुरा गोंदात मिसळून दाबलेला, तो काही महिन्यात सालपटं काढतो, त्याच्याकडे बघूही नका. हवं ते फुल ग्रेन, म्हणजे वरचा थर घासून न काढलेलं चामडं, शक्यतो व्हेजिटेबल टॅन (झाडांच्या अर्कात कमावलेलं), कारण ते क्रोम टॅनपेक्षा (रसायनात कमावलेल्यापेक्षा) ताठ राहतं. घोड्याच्या साजासाठी जे वापरतात ते ब्रायडल लेदरही मस्त, मेण-तेल मुरवलेलं असतं त्यामुळे घाम बरा सोसतं.

चामड्याची जाडी औंसात सांगतात, १ औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, जवळपास ०.४ मिमी. कॅरीचा चांगला बेल्ट बहुधा दोन थर चिकटवून शिवलेला असतो, मिळून १४ ते १६ औंस, म्हणजे साडेपाच ते साडेसहा मिमी. दोन थरांचा फायदा नुसत्या जाडीचा नाही, दोन थर एकमेकांवर घसरू शकत नाहीत म्हणून पिळाला विरोध करतात. त्यामुळे शिवण महत्त्वाची, दोन्ही कडांना सलग, टाके एकसारखे. कडेला दोन थरांमधे नख घालून बघा, गोंद सुटत असेल तर बेल्ट परत ठेवा. आणि वर सांगितलेली क्लिपची हद्द आठवा, १६ औंसवाला बेल्ट काही क्लिपांना बसणारच नाही.

काही लेदर बेल्टच्या आत स्प्रिंग स्टीलची, कायडेक्सची किंवा दुसऱ्या कुठल्या प्लास्टिकची पट्टी असते. याने बेल्ट पातळ राहूनही उभ्या दिशेला दगडासारखा होतो आणि लवकर ढिला पडत नाही. स्टीलवाला जड, आणि ॲपेंडिक्सला माझ्या मते जास्तच ताठ. जड पिस्तूल बाजूला ठेवणाऱ्याला मात्र तो घातला की दुसरं काही आवडणार नाही. प्लास्टिकची पट्टी मधे कुठेतरी बसते आणि रोजच्यासाठी मला तीच जास्त पटते. एकदा का अशी पट्टी आत मोडली किंवा तिला घडी पडली की मात्र बेल्ट गेला, म्हणून असा बेल्ट कधी दुमडून बॅगेत कोंबायचा नाही, गुंडाळून ठेवायचा.

नायलॉन हलकं, घामाने खराब होत नाही, धुता येतं, पावसात भिजलं तरी काही वाटत नाही. पण साधं बॅगेच्या पट्ट्यासारखं नायलॉन काही कामाचं नाही. स्कूबा वेबिंग म्हणतात तसं दाट, ताठ विणलेलं पाहिजे, किंवा दोन पदर एकावर एक ठेवून चार-पाच ओळी शिवलेलं. जितक्या ओळी तितका ताठ. गरम हवेत राहणाऱ्यांना आणि खूप घाम येणाऱ्यांना मी डोळे मिटून नायलॉन सांगेन.

विणलेले बेल्ट, इलॅस्टिक बेल्ट, दोन्ही बाजूंनी घालता येणारे फिरत्या बकलचे बेल्ट, हे तिन्ही विषय बंद. त्या फिरत्या बकलची खीळ अशा वजनासाठी बनलेलीच नसते.

चौथी पायरी: बकल, आणि इथे जरा थांबा

बेल्ट घेताना बकलकडे लोक दिसायला कसं आहे म्हणून बघतात, खरं तर रोजच्या आरामाचा निम्मा हिशोब बकलमधे आहे.

साधं काट्याचं बकल, भोकंवालं. मोडत नाही, कुठेही खटकत नाही, कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. अडचण एकच, भोकांमधलं अंतर बहुधा १ इंच असतं. एका भोकात सैल, पुढच्या भोकात गुदमरायला होतं, आणि पँटच्या आत होल्स्टर असताना तर हा फरक फार जाणवतो. काहीजण अर्धा किंवा पाऊण इंचावर भोकं पाडलेले बेल्ट देतात, मिळाला तर तोच घ्या.

रॅचेट, म्हणजे मागे दातांची पट्टी शिवलेली आणि बकलमधे एक खटका. साधारण पाव इंच, ६ मिमीच्या टप्प्याने घट्ट-सैल होतो. सकाळी उभं असताना एक माप, गाडीत बसल्यावर एक खटका सैल, जेवल्यावर अजून एक. एकदा सवय लागली की भोकं नको वाटतात. पण दातांत कचरा, वाळू अडकली की घसरतो, स्वस्तातल्या बकलचा खटका झिजतो, आणि बकलची डबी जाड असते. घ्यायचा तर बकल धातूचंच घ्या, आणि दुकानात खटका लावून जोरात ओढून बघा.

कोब्रा बकल, ऑस्ट्रियाच्या ऑस्ट्रिअल्पिन कंपनीचं ते दोन बाजूंनी दाबायचं. मजबुतीबद्दल बोलायलाच नको, वजन पडलेलं असताना ते चुकून उघडत नाही अशीच त्याची रचना आहे. पण समोर पोटावर एवढं मोठं बकल दिसलं की ज्याला कळतं त्याला लगेच कळतं, आणि लपवून बाळगायचं म्हणताना छातीवर पाटी लावून फिरण्यात काय अर्थ. शिवाय ते लूपातून जात नाही, दरवेळी एक भाग काढावा लागतो. दिसायला भारी आहे म्हणून नवीन पोरं घेतात आणि मग त्यावर शर्ट फुगतो म्हणून वैतागतात.

ॲपेंडिक्सला बकल मधोमध ठेवलं तर होल्स्टर आणि बकल एकमेकांना ढकलतात आणि शर्टावर दोन उंचवटे दिसतात. यावर फुकटचा उपाय, बकल मधे ठेवायचंच नाही. बेल्ट असा ओवा की बकल दुसऱ्या बाजूच्या कमरेकडे जाईल. कोणाला दिसतही नाही, शर्ट बाहेरच असतो ना. काही बेल्ट यासाठीच चपट्या कडीचे आणि वेल्क्रोचे येतात, बकलच नाही म्हणा, आणि हवं तितकं बारीक माप घेता येतं. वेल्क्रोत धागे-केस अडकत राहतात आणि ते मधूनमधून उपटून काढावे लागतात, तेवढा वैताग सोसायची तयारी ठेवा.

बेल्टचं शेपूटही बघा. बेल्ट नेहमीसारखा ओवला की उरलेलं टोक घालणाऱ्याच्या डावीकडे जातं. उजवखुऱ्याला ठीक आहे. डावखुरा माणूस ॲपेंडिक्सला ठेवत असेल तर ते टोक नेमकं होल्स्टरवर येतं, क्लिप नीट बसत नाही आणि हात घालताना मधे येतं. डावखुऱ्यांनी सरळ उलटा ओवायचा.

बकल बेल्टला कशाने जोडलंय तेही उलटून बघा. शिवलेलं असेल तर शिवण, स्क्रू असतील तर ते कालांतराने ढिले होतात, घरी आणल्या आणल्या काढून थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब लावून परत आवळा. निळा, मध्यम ताकदीचा लावा, लाल लावलात तर पुन्हा उघडायचं नाव नाही.

पाचवी पायरी: माप

पँटचा नंबर म्हणजे बेल्टचा नंबर नाही. पँटच्या कंपन्या नंबर गोड करून लिहितात, ३४ लिहिलेली पँट मोजली तर बऱ्याचदा ३६ च्या वर निघते. मोजायचं ते असं. सध्याचा बेल्ट, जो नीट बसतोय, तो काढून सपाट ठेवा. बकलपाशी जिथे चामडं दुमडलंय तिथपासून, म्हणजे बकलचं लोखंड धरायचं नाही, तुम्ही जे भोक वापरता तिथपर्यंत मोजा. शेवटच्या टोकापर्यंत नाही, हा घोळ फार जण करतात. हे भोक होल्स्टर घालून बघितलेलं पाहिजे, पिस्तूल रिकामं करून. पँटच्या आतल्या होल्स्टरने घेर बऱ्यापैकी वाढतो, बाहेरच्याने फारसा नाही. जुना बेल्ट नसेल तर मोजायची टेप लूपांमधून ओवून, होल्स्टर आत ठेवून, उभं आणि बसून दोन्ही मापं घ्या.

भोकंवाला बेल्ट असेल तर तुमचं माप मधल्या भोकावर यावं. ५ भोकं असतील तर तिसरं. म्हणजे कधी होल्स्टर न घालता घालायचा असेल किंवा वजन कमी-जास्त झालं तर दोन्हीकडे जागा राहते. काही कंपन्या मधल्या भोकापर्यंतचं माप लिहितात, काही टोकापर्यंतचं, तेव्हा ऑनलाइन मागवताना त्यांचा चार्ट वाचा. रॅचेट बेल्ट बहुतेक वेळा लांब येतो आणि बकल काढून आपल्या मापाला कापायचा असतो. आधी थोडा लांबच कापा, घालून बघा, मग परत थोडा कापा.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. कमर आणि नितंबाच्या मापात फरक जास्त असेल तर सरळ कापलेला ताठ बेल्ट वरच्या कडेला सुटा राहतो आणि खालच्या कडेला हाडात घुसतो, आणि होल्स्टरची मूठ बाहेर फेकली जाते. त्यांच्यासाठी कमानीसारखा वळण देऊन कापलेला बेल्ट मिळतो, तो बघा, किंवा मधल्या ताठपणाचं नायलॉन. पँटचे लूप किती आणि कुठे आहेत हेही तपासा, बायकांच्या पँटला लूप कमी आणि नाजूक असतात, होल्स्टरच्या दोन्ही बाजूंना जवळ लूप नसेल तर तिथे बेल्ट ओघळतो. वरचे सगळे नियम पाळूनही पँटच मऊ असेल तर बेल्ट एकटा काय करणार.

सहावी पायरी: घ्यायच्या आधी आणि आणल्यावर तपासणी

दुकानात हातात मिळाला तर दोन्ही मुठींमधे वीतभर अंतर ठेवून धरा आणि ओला टॉवेल पिळतो तसा पिळा. सहज पिळला गेला तर नको. मग बकल लावून गोल करा, टेबलावर कडेवर उभा ठेवा आणि वरून तळहाताने दाबा. चांगला बेल्ट तसाच उभा राहतो, फॅशनचा बेल्ट लगेच एका बाजूला कोलमडतो. एवढ्याने बहुतेक बेल्ट बाद होतात.

घरी आणल्यावर पुढचं सगळं रिकाम्या पिस्तुलाने किंवा त्याहून चांगलं म्हणजे प्लास्टिकच्या ट्रेनिंग डमीने. मॅगझिन काढा, चेंबर (नळीच्या मागे गोळी बसते ती जागा) उघडून डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून या. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर असेल तरच पुढे जा. मग होल्स्टर घाला आणि घरात वावरा. बसा, जिन्यावरून जा, बुटाची लेस बांधायला वाका, गाडीत बसून सीटबेल्ट लावा. आरशात बाजूने बघा, मूठ अंगाला लागून आहे का दोन बोटं बाहेर आलीये. बाहेर काढायचा सराव करा, सावकाश, आणि होल्स्टर किती वर येतंय ते बघा. क्लिप जरा जरी बेल्टवरून सरकली तर बेल्ट किंवा क्लिप, दोघांपैकी एक बदलायचं.

हे एक दिवस करून निकाल लावू नका, विशेषतः लेदरचा. नवीन लेदर सुरुवातीला लाकडासारखं वाटतं, आठवडा-दोन आठवड्यात तुमच्या कमरेचं वळण घेतं. लवकर नरम व्हावं म्हणून लोक भरपूर तेल चोळतात, विशेषतः नीट्सफूट ऑइल, आणि मग ज्या ताठपणासाठी बेल्ट घेतला तोच घालवून बसतात. पाण्यात भिजवणं, उन्हात किंवा हीटरपाशी वाळवणं, नको. नुसता घालून फिरा.

टॉयलेटचं बोलून घेऊ

बोलायला लाज वाटते म्हणून कोणी सांगत नाही आणि गडबडी इथेच होतात. बकल उघडलं की होल्स्टरला धरणारं काही उरत नाही आणि वरचं वजन त्याला उलटं करतं. पिस्तूल जमिनीवर पडणं, शेजारच्या टॉयलेटात सरकणं, सगळं होऊ शकतं. पिस्तूल होल्स्टरमधून काढून कुठे ठेवायचं नाही, ना टाकीवर, ना हुकावर, ना टिश्यूच्या डब्यावर, कारण तिथे ते विसरतं. होल्स्टरमधेच राहू दे. पँट खाली घेताना एका हाताने होल्स्टर धरा, आणि बसल्यावर मांड्यांपाशी बकल परत लावून टाका, म्हणजे बेल्टचा गोल ताणलेला राहतो, होल्स्टर पँटच्या आतच राहतं, आणि दाराखालच्या फटीतून कोणाला काही दिसत नाही. यासाठी एका हाताने पटकन लागणारं बकल किती कामाचं ते तिथेच कळतं. घरी परतल्यावर होल्स्टर काढायचं असेल तर पिस्तुलासकट, एकत्र काढा. कपडे काढायच्या घाईत पिस्तुलाला विनाकारण हात लावायचा नाही.

रंग, देखभाल आणि बाकीचं किरकोळ

काळ्या क्लिपा काळ्या बेल्टवर दिसत नाहीत, तपकिरी बेल्टवर लगेच दिसतात. एकच घ्यायचा तर काळा घ्या. वर चकचकीत शिवण, कड्या, लोगो नकोत.

दुसऱ्या बाजूला जास्तीचं मॅगझिन किंवा टॉर्च लावलं तर बेल्ट समतोल राहतो आणि एका बाजूला ओघळणं कमी होतं, पण नवीन असताना सगळंच एकदम लटकवू नका, आधी पिस्तुलाची सवय होऊ दे.

लेदर ओल्या फडक्याने पुसायचं, सावलीत वाळवायचं, वर्षात एक-दोनदा अगदी हलकं कंडिशनर. नायलॉन साबणाच्या पाण्यात धुवा. रॅचेटचे दात जुन्या टूथब्रशने झाडा. रात्री होल्स्टर काढून बेल्ट बकलला धरून सरळ लटकवा.

आणि बेल्ट कायमचा नसतो. भोक गोल राहिलं नाही, अंड्यासारखं लांबट झालं, बेल्ट काढून सपाट ठेवल्यावर होल्स्टरच्या जागी कड खाली वाकलेली दिसते, कडेचे थर सुटायला लागलेत, रॅचेट ओढल्यावर एखादा दात घसरतो, किंवा गेल्या वर्षीपेक्षा एक भोक जास्त आवळावं लागतंय आणि वजन तर तेवढंच आहे, यातलं काहीही दिसलं की तो बेल्ट साध्या पँटवर घालायला ठेवा आणि कॅरीसाठी नवीन आणा.